कोरडे बुश

पहिल्या मशीनमधून धूर निघाला तेव्हा कवडूचा हात समोरच्या रांगेतल्या एका पितळी बुशावर होता. फिरत्या दांड्याला धरून ठेवणारे हे बुश किती तापले आहेत ते तो तळहाताने पाहत असे. पुलगावजवळच्या त्या जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, यंत्रांना तेल देता देता त्याची अर्धी हयात गेली होती.

मशीनवर कापूस टाकणाऱ्या भागीरथाने टोपले खाली सोडले, पदर नाकाला लावला आणि ती मागे सरली. कोणीतरी पट्टा उतरवला. वाळूच्या बादल्या आल्या. जीनमध्ये ठिणगी पडली तर काय होते हे सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे आरडाओरडा न करता बायका कापसाचे ढीग मुकाट्याने मागे ओढू लागल्या. थोड्या वेळाने धूर विरला. केस जळल्यासारखा वास तेवढा राहिला.

"पिलास्टिकच ते," गर्दीतून कोणी म्हणाले. "लोखंडापुढं किती टिकन?"

महिनोन्‌महिने छातीत धरून ठेवलेला श्वास सुटावा तसे कवडूला झाले, आणि त्याची त्याला लाजही वाटली.

त्या हंगामाला, म्हणजे ब्याऐंशी सालच्या दसऱ्यानंतर, शेठजींनी एका रांगेतले पितळी बुश काढून प्लास्टिकचे बसवले होते. त्या प्लास्टिकमध्येच शिसपेन्सिलीत असते तसली काळी पूड मिसळलेली असते. दांडा तिच्यावरून आपसूक घसरतो, वेगळे तेल लागत नाही. तेल नाही म्हणून रुईवर डाग नाही, आणि डाग नाही म्हणून भाव चांगला. हंगामभर ते टिकले तर पुढच्या साली दुसरी रांगही तशीच होणार होती. मग तेलवाल्याचे काय, हे कोणी बोलले नव्हते. फक्त मिस्त्री रूपराव, बुश ठोकता ठोकता, मान वर न करता म्हणाला होता, "कवडू, दुसरं काही पाहून ठेव गड्या."

रूपराव कवडूसारखाच नाचणगावचा, त्याच्याच आळीतला. दोघे एकाच सायकलवर कामाला येत.

भागीरथाला मात्र नवे बुश आवडले होते. तिने ते कवडूच्या तोंडावरच सांगितले होते. "राग नको मानू कवडूभाऊ, पण यंदा लुगड्यावर एक डाग नाई. नाईतर तुह्या तेलापायी आम्ही साऱ्या तेलिणी दिसत होतो." बायका हसल्या होत्या. कवडूही हसला होता.

जेवणाच्या सुट्टीत रूपरावने एकट्या कवडूला सोबत घेऊन जळका बुश उघडला. आतला भाग फुगून दांड्याला चिकटला होता. त्याने पेचकसाच्या टोकाने खरवडले तर काळा, ओला लगदा निघाला. तेलात मळलेली रुईची धूळ. त्याने तो बोटांत चोळला, हुंगला, आणि कवडूकडे पाहिले.

"हे तेल कुठून आलं बे?"

कवडूने लपवले नाही. मुहूर्ताच्या दिवशी नारळ फुटला की पहिल्या मशीनला तेल चढवायचे, हा जीनचा रिवाज. नवरीला हळद लागल्याशिवाय ती मांडवात जात नाही, तसे. म्हाताऱ्या बापूजी जमादाराने त्या दिवशी सवयीने हाक मारली, कवडू सवयीने पुढे झाला. शेठजी हात जोडून उभे होते. कोणी थांबवले नाही. आणि मुहूर्ताचे तेल जिला दिले तिला हंगाम संपेपर्यंत कोरडे ठेवायचे नाही, हेही बापूजीनेच त्याला पहिल्या साली शिकवले होते. म्हणून येता-जाता कुपीची एक पिचकारी. बाकीच्या रांगेला त्याने बोटही लावले नव्हते.

"मले वाटलं, थोड्याशा तेलानं कोणाचं काय बिघडते."

"बिघडते ना. तेलाले धूळ चिकटते. पिलास्टिक आपली गर्मी बाहेर टाकत नाई, आतल्या आत फुगते. सांगतलं होतं ना तुले."

सांगितले होते. कवडूने ऐकलेही होते. पण तेलाने यंत्राचे वाईट होते ही गोष्ट त्याच्या कानातून आत उतरली नव्हती.

रूपरावने दाराकडे पाहून घेतले. बाहेर बायकांच्या डब्यांचे आवाज येत होते. मग तो हळू आवाजात म्हणाला, "घासलेटानं पुसून टाकतो. मंग दिसन का पिलास्टिकच कच्चं निंघालं. शेठ पुढच्या साली पितळंच बसवन."

कवडूला ते समजायला एक क्षण लागला. एक चिंधी, थोडे घासलेट. नंतर पुन्हा कुपी, पुन्हा दोन्ही रांगा.

"अन् बुश इकणारे ते नागपूरचे साहेब येतीन, ते काय म्हणतीन? माल खराब म्हणतीन का?"

"नाई. बसवणाऱ्या मिस्त्रीनं वाकडं बसवलं म्हणतीन."

"मंग राहू दे."

"इचार कर."

"केला ना," कवडू म्हणाला. "राहू दे तसंच."

दोन दिवसांनी बुश विकणाऱ्या कंपनीचा साहेब आला. त्याने लगदा कागदावर घेतला, मग बिनतेलाच्या सगळ्या मशीनी उघडायला लावल्या. आतले दांडे स्वच्छ, गुळगुळीत. बुश हात लावला तर गार. कवडूवर तो रागावला नाही, उलट खूश झाला. मुद्दाम करून दाखवायचे म्हटले असते तरी इतके स्पष्ट दाखवता आले नसते, असे त्याने शेठजींना सांगितले. जिला तेल मिळाले तीच तेवढी जळली. शेठजींनी मान डोलावली आणि दुसऱ्या रांगेची मागणी तिथेच देऊन टाकली. कवडू दाराशी उभा होता. त्याला कोणी रागे भरले नाही, की जा म्हटले नाही. हंगाम संपेपर्यंत त्याने पितळी रांगेला तेल दिले.

पुढच्या दसऱ्याला जीनमधून बोलावणे आले नाही. रूपराव चहाला आला, खाली मान घालून बसला. कवडूने त्याला एवढेच विचारले, "बुश कसे चालून राह्यले?"

"बेस चालून राह्यले," रूपराव म्हणाला.

दिवाळीनंतर गावच्या शिवारात कापूस फुटला. वेचणीचे काम बायकांचे. गडी माणूस ओळीत दिसत नाही. त्या सकाळी कवडूच्या बायकोने, गोपिकाने, त्याच्या कमरेला कापूस वेचून टाकायला धोतराच्या फडक्याची ओटी बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि ती पुढे चालू लागली. तो मागून चालला.

बांधावर त्याला पाहून एक-दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. मग हसू आपोआप थांबले. वयाने मोठ्या सुलोचनाबाईने आपली ओळ सोडून शेजारची धरली आणि त्याला मधे जागा करून दिली.

"असं नाई भाऊजी," ती थोड्या वेळाने म्हणाली. "खालून ओढलं का पाचोळा येते. वरतून धरा, पाची बोटांनं."

"बरं," कवडू म्हणाला, आणि त्याने पुढचे बोंड वरून धरले.