तिलाच विचारा

भिंगरी दुकानात शिरली तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती, पण तिच्या चेहऱ्यावर ते आधीच वाजले होते.

"मावशी, पुस्तकं गेली?"

"जातील कुठे? चार वाजता न्यायची आहेत. ही काय, खोक्यात."

"एक पान काढायचंय."

"कुठल्या प्रतीतलं?"

"सगळ्या."

मी हातातली कात्री खाली ठेवली. नव्वद प्रती पिना मारून, तिन्ही कडा कापून दोन खोक्यांत रचून ठेवल्या होत्या, आणि ही पोरगी म्हणते पान काढायचंय. पंगत उठल्यावर मीठ वाढायला यावं तशी.

माझं दुकान शाळेच्या समोर. टायपिंग, झेरॉक्स, बांधणी. दरवर्षी शाळा सोडून जाणाऱ्या वर्गाचं पुस्तक माझ्याकडेच येतं. त्याचा नियम मुलांचाच आहे, आणि फार जुना आहे: स्वतःचं पान स्वतः लिहायचं नाही, बाकावरच्या जोडीदाराने लिहायचं. स्वभाव, दोस्ती, आठवण, पुढची आशा, असे चार मथळे. मजकूर बंद पाकिटांतून माझ्याकडे येतो, मी टाइप करते, आणि निरोपाच्या दिवसापर्यंत आपल्याबद्दल काय लिहिलंय ते कुणालाच कळत नाही. मला कळतं. पण माझा निम्मा धंदा तोंड बंद ठेवण्यावर चालतो.

यंदाचा वर्ग बरा होता. वर्गात सगळ्यात आधी मिशी फुटली म्हणून ज्याला 'मामा' म्हणतात त्याच्या पुढच्या आशेत जोडीदाराने एकच शब्द लिहिला होता, 'झोप'. एकीला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय, आणि तिच्याच आठवणीत कुत्रं मागे लागल्यावर ती पाण्याच्या टाकीवर कशी चढली ते आहे. एकाच्या स्वभावात लिहिलंय, 'डबा देतो, पण चमचा देत नाही.' हे सगळं गोळा करून आणायचं काम भिंगरीकडे होतं. वर्गाने विचार करूनच दिलं असणार. तिच्या पायांना चाकं आहेत, बसता येत नाही. एवढ्यातसुद्धा तिने स्टुलावर बसून, उठून, पिनांची डबी उघडून, मिटून, पुन्हा उघडून झालं होतं.

"कुणाचं पान?" मी विचारलं.

"मुनीचं. एकतीस."

मुनी म्हणजे पलीकडच्या घड्याळकाकांची मुलगी. माझ्यापासून चौथं दुकान त्यांचं. ही पोर दिवसाकाठी दहा वाक्यं बोलते, त्यातली सहा 'हं' असतात. पहिलीपासून ती आणि भिंगरी एका बाकावर. शिक्षकांनी मुद्दाम बसवल्या होत्या म्हणे, एकीचं दुसरीला लागेल म्हणून. लागलं काहीच नाही, पण जोडी मोडली नाही.

"तिची पुढची आशा मी खरी लिहिलीय," भिंगरी म्हणाली. "बोटीच्या इंजिनांची."

ती ओळ मीच टाइप केली होती. मुनीला बोटीवरची इंजिनं शिकायची होती. चार वर्षांचा अभ्यासक्रम, दूरच्या बंदरात, वसतिगृहात राहून. निवड झाली होती, पत्र आलं होतं. भिंगरीने मुनीचेच शब्द खाली दिले होते: 'चिमट्याने धरायची चाकं बघून डोळे शिणले. मला अशी चाकं हवीत ज्यांच्यावर शिडी लावून चढावं लागतं.' टाइप करताना मला ते आवडलं होतं. घरी माहीत असेल असंच मी धरून चालले होते.

"घरी माहीत नाही?"

"'परवा सांगते' म्हणाली होती. मला वाटलं, पुस्तक येईपर्यंत सांगून झालं असेल. तीन आठवडे झाले त्या परवाला! आणि आत्ता येताना बघितलं, काकांच्या दुकानावर रंगारी शिडी लावून उभा. 'घड्याळ दुरुस्ती'च्या खाली लिहितोय, 'आणि कन्या'."

"अगं बाई."

"'आणि' वाळलंय. 'कन्या' अजून ओली आहे." हसावं की रडावं ते तिला कळेना. "काका खाली उभे राहून त्याला सांगतायत, 'कन्या' जरा मोठं काढ. मुनी आत काउंटरवर. मी काचेतून हात केला तर मान खाली घातली. मावशी, सोमवारपर्यंत होकार कळवायचाय. पालकांच्या सहीने. नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार. आणि चार वाजता काका सगळ्या सभागृहासमोर हे पान उघडणार. असं चारचौघांत कळलं तर सही करतील ते?"

घड्याळकाका वाईट माणूस नाही. पण ज्याने नुकतीच पाटी रंगवून घेतली त्याला भरल्या सभेत असं वाचायला लावलं, तर चांगल्या माणसाचाही दगड होतो.

"पान काढता येत नाही," मी म्हटलं.

"का नाही? ब्लेडने अलगद..."

"हे पुस्तक मधोमध घडी घालून पिना मारलेलं आहे. एक कागद म्हणजे अलीकडे एक पान, पलीकडे एक. हे ओढलंस की पलीकडचं सुटतं."

तिचा विश्वास बसला नाही. विश्वास बसण्यासाठीही आधी बसावं लागतं. माझं बोलणं संपायच्या आत तिने खोक्यातली एक प्रत काढली, नखाने दोन्ही पिना उघडल्या आणि एकतीसचा कागद ओढला. त्याच्याबरोबर त्याचं भावंड आलं. अठरावं पान.

अठरावं पान तिचं स्वतःचं होतं. मी झडप घालून त्यावर हात ठेवला, पण माझा हात आणि भिंगरीचे डोळे यांची शर्यत लावण्यात अर्थ नव्हता.

मुनीने लिहिलं होतं:

'स्वभाव: एका जागी टिकत नाही. पेपरात शेवटचा प्रश्न आधी सोडवते, म्हणजे लवकर उठता येतं.

दोस्ती: माझ्याशी. मला घरी बोलायला जमत नाही. सहलीला जायचं नव्हतं, गणिताचा वर्ग बदलायचा होता, असं काही असलं की मी हिला सांगते. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दोन दिवसांत घरी पोचतं, मग मला फक्त हो म्हणावं लागतं.

आठवण: सातवीत माझ्या हातून एका गिऱ्हाइकाचं घड्याळ पडलं. मी सांगायच्या आत हिने बाबांना सांगितलं, आणि 'मीच पाडलं' असं सांगितलं.

पुढची आशा: हिने हवं तिथे जावं. पण कधीतरी एका जागी बसून मला पत्र लिहावं.'

मी पिनांची डबी मिटली. भिंगरीचे पाय थांबले होते. मी तिला सहा वर्षं ओळखते, हे कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे मी काय, टपाल?" ती शेवटी म्हणाली.

"तसं नाही गं. विश्वास आहे तिचा तुझ्यावर."

"हा कसला विश्वास? नळ गळणार यावरही असाच विश्वास असतो." तिने नाक ओढलं. "मावशी, तीन आठवडे. मी कुणाला, कुण्णालासुद्धा सांगितलं नाही. आईने दोनदा विचारलं, पोट बिघडलंय का. जन्मात पहिल्यांदा एक गोष्ट पोटात ठेवली. का, तर मला वाटलं, ही मोठी गोष्ट आहे, ही तिची तिला सांगू द्यावी. पुस्तकात लिहिलं तेही ती सांगून मोकळी झाली असेल म्हणूनच. आणि ही तिकडे वाट बघत बसली की मी कधी फोडते!"

हे बोलून ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले, आणि मग पुन्हा राग आला.

"जाऊ आत्ता? जाते आणि काकांना सांगते. झालं. माझं कामच आहे ना ते."

"जा."

ती दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर उभी राहून तिने चौथ्या दुकानाकडे बघितलं, आणि परत आली.

"ती बोटीवर गेल्यावर मी कुठे असणार?" ती म्हणाली. "तिथे कुणी काही विचारलं की ही 'हं' करणार, आणि लोक काय वाट्टेल ते समजणार. तिला बोलायला यायला नको?"

"यायला हवं."

"मग काय करू?"

"पान काढता येत नाही, पण ओळ झाकता येते. पट्टी छापून वर डकवू. काय छापू ते सांग."

तिच्या फेऱ्या सुरू झाल्या. माझं दुकान सात पावलांचं आहे, तिने त्याची पाच केली.

"'अजून ठरलेलं नाही.'"

"खोटं."

"'वडिलांच्या दुकानात.'"

"त्याहून खोटं. आणि एकदा छापलं की तिचं तोंड कायमचं बंद."

"नुसती कोरी पट्टी?"

"कोरी पट्टी दिसली की सगळे आधी ती खरवडतील."

ती झेरॉक्सच्या मशीनपाशी थांबली. "'तिलाच विचारा,'" ती म्हणाली. "एवढंच छापा."

नव्वद पट्ट्या छापल्या, कापल्या. मी डिंक लावून डकवायच्या, तिने फडक्याने दाबायच्या, असं ठरलं. साडेबारा ते सव्वातीन. ज्या मुलीला तीन तासांचा पेपर सोसत नाही तिने हे केलं. बसून केलं असं म्हणत नाही. ती चौदा वेळा उठली, दोनदा पाणी प्यायली, एकदा माझं कॅलेंडर सरळ केलं. चाळिसाव्या पट्टीला म्हणाली, "जाऊन तिला नुसतं सांगू का, की तयारीत राहा?"

"सांग की."

पन्नासाव्या पट्टीपर्यंत विचार करून म्हणाली, "नको. ते सांगितलं तरी मीच सांगितल्यासारखं."

सुटलेल्या प्रतीला मी पुन्हा पिना मारल्या. "अठरा मी वाचलं हे तिला कळू देऊ नका," तिने बजावलं. मी म्हटलं, बाई, इथे फुटण्याचा धोका माझ्याकडून नाही. त्यावर तिने मला डिंकाच्या बोटाने वेडावून दाखवलं.

चार वाजता खोकी सभागृहात पोचली. मी एरवी खोकी देऊन परत येते. त्या दिवशी दारातच रेंगाळले.

घड्याळकाका उजवीकडच्या खिडकीशेजारी, तिसऱ्या रांगेत. स्वच्छ सदरा, पण बोटाला निळा रंग लागलेला. वाळलाय का ते बघायला पाटीला हात लावला असणार. शेजारी मुनी, मांडीवर शाळेची पिशवी. मुनीची आई दवाखान्यात कामाच्या पाळीवर होती. भिंगरी त्यांच्या मागे दोन रांगा सोडून. पुस्तकं वाटली गेली आणि सभागृहभर पानांची सळसळ झाली. 'झोप' सापडली तशी एक बाजू हसली. टाकीवर चढलेल्या मुलीची आई तिला काहीतरी विचारत होती, आणि मुलगी कानावर हात ठेवून बसली होती.

काकांनी एकतीसवं पान उघडलं. वरून खाली सावकाश वाचत आले. मग त्यांचा अंगठा थांबला. घड्याळातली केसाएवढी कमान बोटाला लागली तरी ओळखणारा माणूस तो, त्याला पट्टी लागणारच. त्यांनी पान उचललं आणि खिडकीच्या उजेडासमोर धरलं.

पट्टीचा कागद मी पातळ वापरला होता. जाड कागदाने पुस्तक फुगतं, म्हणून. त्या उजेडात पट्टीखालचं काय दिसत नसेल! पान बराच वेळ वर राहिलं. मुनी समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होती. भिंगरीचा पाय असा हलत होता की तिची अख्खी रांग थरथरत होती. शेजारच्या मिशीवाल्या मामाने तिच्याकडे बघितलं, पण बोलायची छाती झाली नाही.

काकांनी पान खाली ठेवलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला.

"इथे लिहिलंय, तिलाच विचारा," ते मुनीला म्हणाले. "मग विचारतो. पुढे काय करायचं म्हणतेस?"

मुनीने आधी मागे वळून बघितलं. बारा वर्षांची सवय. भिंगरीने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते, अगदी खरेखुरे, बोटं गालांत रुतेपर्यंत. तिने मान हलवली. नाही.

मुनी पुढे वळली. पिशवीतली कंपासपेटी काढली, तिच्यातून चार घड्यांचं पत्र काढलं. मला वाटलं, आता नुसतं हातात देईल आणि सुटेल. तिने ते मांडीवर ठेवलं, वर तळहात ठेवला आणि भलत्याच टोकापासून सुरुवात केली.

"बाबा, त्या चाकांवर शिडी लावून चढावं लागतं."

"कुठल्या चाकांवर?"

"सांगते."

तेवढ्यात मुख्याध्यापिकांनी माइकवर फुंकर मारली आणि पुढचं मला ऐकू आलं नाही. दिसलं तेवढं सांगते. काकांनी खुर्ची फिरवून तिच्याकडे तोंड केलं आणि व्यासपीठाकडे पाठ. मुनीचे ओठ हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. मध्ये ते काहीतरी म्हणाले, तिने मान खाली घातली. आता हिचा 'हं' होणार असं वाटलं, पण तिने मान परत वर केली. पत्र आता त्यांच्या हातात होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं होतं, टोपण काढलं नव्हतं, आणि ते त्याच पेनाने पत्रातल्या एका ओळीवर टकटक करत काहीतरी विचारत होते.

मागे भिंगरीचे हात अजून तोंडावरच होते. पाय मात्र तिला आवरत नव्हते.

आणि मुनी ते चाक केवढं असतं ते दाखवत होती. आधी तळहाताएवढं, मग कोपरापर्यंत, मग दोन्ही हात जेवढे पसरतील तेवढे. शेजारच्या बाईंना खुर्ची सरकवावी लागली.