पक्की झोळी

हरिचंद्र भोईर रिटायर झाला तेव्हा फॅक्टरीतल्या लोकांनी त्याला शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. घड्याळ त्याने घरी आणून लावलं, वर स्पिरिट लेव्हल ठेवली, बुडबुडा गव्हाएवढा डावीकडे सरकला म्हणून उतरवलं आणि पुन्हा लावलं. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळेपर्यंत खिळ्याचं भोक इतकं मोठं झालं की घड्याळ आजतागायत कपाटावर उताणं पडून होतं. गोदूला वेळ बघायची असली की ती स्टुलावर चढायची.

शहाण्या बाईने एवढ्यावरूनच काय ते ओळखायला हवं होतं. पण अडतीस वर्षांच्या संसारात गोदूने नवऱ्याकडे स्वतःसाठी कधी काही मागितलंच नव्हतं. त्यामुळे मागितल्यावर काय होतं, याचा तिला अनुभव नव्हता.

रिटायरमेंटनंतर दोघं अंबरनाथचं क्वार्टर सोडून वांगणीला, हरिचंद्राच्या वडिलांच्या जागेत राहायला आली. घरामागे थोडी मोकळी जागा, एक आंबा आणि अळूचा वाफा. एका कुंपणापलीकडे जनीचं घर, दुसऱ्या कुंपणापलीकडे मुंबईच्या कुणाचंतरी फार्महाऊस. तिथे शनिवारी माणसं यायची आणि दोन झाडांमध्ये झोळी बांधून दिवसाढवळ्या तिच्यात आडवी व्हायची. बायकासुद्धा. पोटावर मोबाईल, एक पाय बाहेर लोंबकळत. गोदू भांडी घासता घासता खिडकीतून बघायची. झोळीचं तिला नवल नव्हतं. उन्नती आणि सुजित, दोन्ही पोरांना तिने क्वार्टरमध्ये पंख्याच्या हुकाला जुन्या साडीची झोळी बांधून वाढवलं होतं. नवल होतं ते याचं, की आडव्या झालेल्या बाईला तिथे कुणी काही विचारत नव्हतं.

गोदूच्या घरी विचारायचे. ती दुपारी जरा पाठ टेकायला गेली की हरिचंद्र दारात उभा. "काय गं, बरं नाही का?" बिचारा काळजीनेच विचारायचा. बरं नसलेल्या बाईने झोपावं आणि बऱ्या बाईने उठावं, असा काही नियम घरात लिहून लावलेला नव्हता, पण फॅक्टरीतल्या लिहून लावलेल्या नियमांपेक्षा तो जास्त पाळला जायचा. गोदू म्हणायची, "बरी आहे की," आणि बरी असल्याचा पुरावा म्हणून उठून चहा टाकायची. आधी सासू विचारायची. सासू गेल्यावर ते काम जनीने आपणहून अंगावर घेतलं.

तेव्हा उन्नतीने फोनवर वाढदिवसाला काय पाठवू म्हणून विचारलं, आणि गोदूच्या तोंडून एकदम निघून गेलं, "झोळी पाठव."

चार दिवसांत झोळी आली. जाड कापडाची, निळ्या पट्ट्यांची. सोबत दोन दोर आणि एक गुळगुळीत कागद. कागदावर केळ्यासारखी वाकलेली झोळी आणि तिच्यात झोपलेली एक बाई, तीही बरी असलेली. गोदूने सगळं नवऱ्यापुढे ठेवलं. "अवो, एवढी बांधून द्या ना."

"बांधून?" हरिचंद्राने चष्मा कपाळावर घेतला. "बांधायला ती काय म्हैस आहे? हॅमॉक आहे तो. इन्स्टॉल करावा लागेल."

मग त्याने कागदावरचं चित्र पाहिलं, आणि नासलेलं दूध पाहावं तसं तोंड केलं. "हे बघ, लोंबतंय मधे. असलं लोंबणारं मी तेहेतीस वर्षं रिजेक्ट केलंय." इन्स्पेक्शन खात्यात त्याच्या हाताखालून वाकडी वस्तू कधी गेली नाही, हे खरंच होतं. कागद आणि दोर दोन्ही नापास झाले. दोर गोदूने माळ्यावर टाकले. कागद चांगला जाड होता, तो तिने फडताळात साखरेच्या डब्याखाली घातला.

पहिला प्रयोग घराची भिंत आणि आंबा यांच्यामध्ये झाला. हरिचंद्राने हुक ठोकले, तारेचा जाड दोर आणला आणि ताण द्यायचा स्क्रू लावून तो इतका आवळला की झोळीचा पार पाट झाला. वर स्पिरिट लेव्हल. बुडबुडा मधोमध. समाधानाने त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मग ट्रायल म्हणून त्याने सिमेंटची एक गोण तिच्यात ठेवली. भिंतीतला हुक ओंजळभर प्लास्टर घेऊन बाहेर आला, गोण फुटली, आणि गोदूने संध्याकाळपर्यंत अंगण झाडलं.

"भिंत कमजोर," हरिचंद्राने निकाल दिला. भिंत त्याच्या वडिलांनी बांधलेली होती. "आणि आंब्याचा काय भरवसा, झाड ते."

दुसऱ्या प्रयोगाला दोन लोखंडी पाइप काँक्रीटमध्ये उभे राहिले. एकवीस दिवस त्यांना पाणी मारायचं काम अर्थातच गोदूकडे. बाविसाव्या दिवशी झोळी ताणली, गोण ठेवली, आणि दोन्ही पाइप लग्नात भेटलेल्या विहिणींसारखे एकमेकांकडे झुकले.

तेव्हा गोदूने तोंड उघडलं. "अवो, जरा सैल सोडा ना. कपडे वाळत घालायची तार ताणून बांधली की एका ओल्या गोधडीने खिळा हातात येतो. सैल असली की चार गोधड्या पेलते."

"गोदू, गोधडी वेगळी आणि माणूस वेगळा."

"पोरांच्या झोळ्या मीच बांधल्या होत्या."

"पोरं चार किलोची होती," हरिचंद्र म्हणाला आणि ग्राफपेपर घेऊन बसला.

खरं म्हणजे गणित त्याला येत होतं. गोदूचं वजन धरलं, तिप्पट केलं, वर अजून थोडं ठेवलं. फक्त दोर जितका सरळ ताणावा तितका तो दोन्ही टोकांना जास्त खेचतो, एवढी एक गोष्ट त्या कागदावर कुठे आली नाही, कारण ती मान्य केली असती तर झोळी लोंबू द्यावी लागली असती. आणि तो अपमान कोण सहन करणार?

मग उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या फेऱ्या सुरू झाल्या. तिथला हार्डवेअरवाला शेट गोड माणूस. काहीही घेतलं तरी म्हणायचा, "साईं, इसपे तो हाथी झूलेगा!" हरिचंद्र ते वाक्य घरी येऊन कौतुकाने सांगायचा. दर फेरीला हत्ती थोडा मोठा व्हायचा. गर्डर आले, गर्डरला मागून टेकू आले, ट्रक ओढायचे असतात तसले हुक आले, कापडाच्या कडांना कॅनव्हासचे पट्टे शिवून आले. होळी गेली, आंब्याला कैऱ्या आल्या, त्या उतरवून लोणचं घालून झालं. गोदू दुपारी पाठ टेकायची, कुणीतरी विचारायचं, ती उठायची.

"नाय झाली काय गो अजून तुजी झोली?" जनी कुंपणावरून विचारायची. "पूल बांधतोय काय तुजा घो?"

अखेर झाली. मागच्या अंगणात दोन गर्डर असे उभे राहिले की लांबून बघणाऱ्याला वाटावं, मोबाईलचा टॉवर येतोय. त्यांच्यामध्ये निळी झोळी, इस्त्री केल्यासारखी सपाट. भाताच्या तीन गोणी ठेवून ट्रायल झाली. काही तुटलं नाही, काही वाकलं नाही. हरिचंद्राने रविवारचा मुहूर्त काढला आणि उन्नतीच्या सासऱ्यांना, बदलापूरच्या दौलतरावांना, सहकुटुंब जेवायला बोलावलं.

रविवारी गोदूने पहाटे उठून वडे, वाटण, भात सगळं उरकलं, केस धुतले, स्वच्छ साडी नेसली. खंडेनवमीला फॅक्टरीत मशीनला लावतात तसं हरिचंद्राने गर्डरला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. गोदूने चपला काढल्या. अनवाणी पायाने एक पाऊल पुढेही टाकलं.

"व्याही, या," हरिचंद्र म्हणाला. "पहिला मान तुमचा."

गोदूला वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं. पण व्याह्याचा मान म्हटल्यावर बोलायची सोय नव्हती. तिने चपला पुन्हा घातल्या.

दौलतराव शंभरीच्या पुढचे. वर्षांनी नव्हे, किलोंनी. आकाशी सफारी घालून आले होते. ते टेकले, मग जपून आडवे झाले. झोळी तसूभर दबली नाही. "बघा!" हरिचंद्र ओरडला. "लोंबणं नाही काही नाही!" ताणलेल्या कापडावर दौलतराव फळीवर ठेवलेल्या कलिंगडासारखे, हात अंगाला लावून, श्वास रोखून पडले होते. तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो काढायला एक हात हलवला, फक्त एक, आणि तव्यावरची भाकरी उलटावी तशी ती झोळी उलटली.

दौलतराव अळूत गेले.

लागलं काही नाही, माती भुसभुशीत होती. पण अळूचा रस मानेपासून मनगटापर्यंत लागला आणि ते उभ्या उभ्या खाजवू लागले. विहीणबाई कोकम आणायला धावल्या. उन्नतीने ओढणी तोंडात कोंबली. हरिचंद्र मात्र गर्डरला टेप लावून बसला होता.

"एक सूतसुद्धा हललेला नाही," तो म्हणाला. "हार्डवेअर पास आहे."

तेही खरंच. गर्डर टिकले, तार टिकली, कापड टिकलं. फक्त माणूस टिकला नाही.

रात्रीच्या जेवणापर्यंत त्याच्याकडे उपाय तयार होता. दोष झोपणाऱ्याचा होता, तो हलला. तेव्हा झोळीच्या दोन्ही बाजूंना पाइपचं रेलिंग आणि पोटावरून एक पट्टा. गोदूने भात वाढता वाढता ते डोळ्यांसमोर आणून पाहिलं. हॉस्पिटलमध्ये तिची सासू शेवटी अशीच होती.

सोमवारी जेवून हरिचंद्र कॅम्प दोनला गेला. गोदूने भांडी घासली, हात पुसले आणि त्याच्या हत्यारांच्या फळीसमोर उभी राहिली. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती पेन्सिलीने काढलेली होती, कोणता जागेवर नाही ते लगेच कळावं म्हणून. तिने मधला एक उचलला. मोकळी आकृती तिच्याकडे बघत राहिली. बघू दे.

ताणाचा स्क्रू पहिल्या दोन आट्यांना हटेना. तिसऱ्याला तार टणकन वाजली आणि हात जरा मोकळा चालला. तिने तो शेवटपर्यंत फिरवून काढलाच, तार गुंडाळून बाजूला ठेवली, माळ्यावरून नापास झालेले दोर आणले आणि ट्रक ओढायच्या हुकांना पोरांच्या झोळीची गाठ मारली. हुक चांगले होते, त्यात वाद नाही. दोर सोडत सोडत तिने झोळी इतकी खाली आणली की मधला भाग तिच्या गुडघ्याला लागला. दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. मग बसली. मग एक पाय वर घेतला, आणि कुणी बघत नाही असं पाहून दुसराही.

कापडाने तिला पोटात घेतलं. गर्डरांना तर कळलंसुद्धा नाही. आंब्याची पानं खालून अशी फिकी दिसतात, हे या घरात येऊन तिला पहिल्यांदाच दिसलं.

डोळा लागत होता तेवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला. पाइप उतरवल्याचा आवाज. मग हरिचंद्राची पावलं, आधी फळीपाशी, मग मागच्या दारापाशी. तिथे पावलं थांबली. गोदूने डोळे घट्ट मिटून घेतले. तो बघतोय, लोंबणारी झोळी, वाकडी गाठ, नापास दोर, हे तिला मिटल्या डोळ्यांनी दिसत होतं. खिशातल्या किल्ल्या वाजल्या, म्हणजे हात तिथल्याच स्पिरिट लेव्हलकडे गेला. आता उठवणार, तिने मनाशी म्हटलं, आणि उठायची तयारीसुद्धा केली. तेवढी सवय होतीच.

"काय गं," हरिचंद्र म्हणाला, "ब..."

"काय झाला गो गोदू?" त्याच क्षणी कुंपणावरून जनीचा आवाज आला. "बरा नाय काय गो?"

स्वतःच्या तोंडातला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची ही हरिचंद्राची पहिलीच वेळ असावी. झोळी किंचित हलत होती.

"बरी आहे ती," हरिचंद्र म्हणाला.

"मंग निजली कनाला?"

"निजायचं होतं म्हणून."

जनीला हे काही पटलं नाही. "आनि चाय?" तिने विचारलं. ती या वेळेला चहालाच यायची.

हरिचंद्राने घसा खाकरला. मग पावलं आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून डब्यांची झाकणं एकामागून एक उघडल्याचा आवाज येऊ लागला. डाळ, पोहे, रवा. "गोदू, साखर..." अशी एक हाक अर्ध्यावर आली आणि त्याची त्यानेच गिळली. साखर फडताळात वरून तिसऱ्या डब्यात, हे गोदूला ठाऊक होतं. पण झोपलेली बाई कसं सांगणार?

एक डबा उचलल्याचा आवाज झाला, आणि मग झाकणं वाजायची थांबली. साखरेच्या डब्याखाली काय आहे, हेही तिला ठाऊक होतं.

आतून झोळीच्या चित्राचा तो गुळगुळीत कागद उलगडल्याचा आवाज आला. गोदूने कूस बदलली. झोळी सैल होती, ती तिच्याबरोबर वळली.