कुंडातली वाम

गेथिनने टोपी काढली, ओल्या दगडावर गुडघे टेकले आणि मनुकांच्या पावाचा तुकडा कुंडात सोडला. मागे निम्मं गाव उभं होतं. उरलेलं निम्मं भिंतीवर चढून बसलं होतं.

रीतच होती तशी. मागणी घालणाऱ्याने कुंडात पाव टाकायचा. कपारीतून वाम, सापासारखी लांब मासळी, वर आली तर मन खरं, नाही आली तर खोटं. ही वाम तीन पाद्र्यांना पुरून उरली होती आणि चौथ्याचंही काही खरं नव्हतं. गेथिन जिला मागणी घालत होता त्या मॉरवेनच्या पहिल्या नवऱ्याने कुंडाकडे न फिरकताच लग्न उरकलं आणि वर्षाच्या आत बोटीवर चढून जो पसार झाला, तो परदेशातच वारला. तेव्हापासून ती चीज करून विकायची आणि मागणी घालायला येणाऱ्याला कुंडाची वाट दाखवायची.

गेथिन दगडाच्या खाणीत मुरलेला गडी. दैवावर हवाला ठेवणाऱ्यांतला नव्हे. महिनाभर तो रोज पहाटे चोरून वामीला पाव चारत होता. आधी ती झडप घालायची, मग नुसतं तोंड दाखवून परत जाऊ लागली. फुगली मात्र त्याच्या मनगटाएवढी. आपल्याच पावाचा गुण, असं त्याला वाटलं होतं.

तुकडा भिजला, तळाला गेला. वाम आली नाही.

"दुसरा टाक," कुंडाची राखण करणारी लौरी म्हातारी म्हणाली. "तुझ्या हातचा पाव म्हटल्यावर तिलाही विचार करावा लागणार."

भिंत खिदळली. दुसरा गेला, तिसराही गेला. गेथिनचे कान लाल झाले. उठून त्याने टोपी घातली, ती उलटी. निकाल सांगायला लौरीने घसा खाकरला.

"थांबा, लौरीकाकू." मॉरवेनचा हात खिशाशी चाळा करत होता. "सकाळची ती खात नाही."

"तुला गं काय ठाऊक?"

मॉरवेन वाकली. बोटांनी तिने दोनदा पाणी हलवलं आणि चीजचा तुकडा धरला. काळी, गलेलठ्ठ वाम सावकाश वर आली.

"संध्याकाळी खाते रोज," ती पाण्याकडे बघत म्हणाली.

गेथिन पुन्हा गुडघ्यांवर बसला.

"तरीच पहाटे तिचं पोट भरलेलं असायचं," तो हळूच म्हणाला. मॉरवेनने मान वर केली. हसू दाबताना तिच्या हातातलं चीज पाण्यात पडलं.

"निकाल काय, लौरीकाकू?" भिंतीवरून कोणीतरी विचारलं.

"पहाटे एकाला चुकवायचं, संध्याकाळी दुसरीला," लौरी कुंडावर झाकण ओढत पुटपुटली. "झुडपामागे बसून बसून माझे गुडघे गेले, आणि म्हणे निकाल काय."