आत्याबाईंचं पाणी

आत्याबाईंनी काल संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. सकाळी मला त्यांची काळजी वाटत होती, दुपार होईपर्यंत राग यायला लागला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, महादेवी. वय सत्तरीच्या पुढं, साखरेची गोळी चालू, आणि हट्ट असा की आमच्या गोठ्यातल्या आडमुठ्या म्हशीनंही हात टेकावेत. इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय जेवण नाही, पाणी नाही, हा त्यांचा लहानपणी दीक्षा घेतल्यापासूनचा नेम. आणि ज्याची पूजा करायची ते लिंगच गळ्यात नव्हतं.

झालं असं, की आदल्या दिवशी कॅनॉलकडच्या रानातलं वाळलेलं गवत बांधायला भाड्याचा बेलर आला होता. हे यंत्र गवताच्या ओळी उचलतं, पोटात गुंडाळतं आणि छातीएवढी गोल गाठ जाळी लावून बाहेर टाकतं. बांधाच्या कडेचं गवत मात्र त्याला उचलता येत नाही. ते वाया जाईल ही कल्पनाच आत्याबाईंना सोसेना. आम्ही नको नको म्हणत असताना त्या कवळे भरभरून यंत्रापुढच्या ओळीवर टाकत राहिल्या. संध्याकाळी पूजेला बसताना गळ्याशी हात नेला, तर शिवदोरा नाही आणि त्यातली लिंगाची चांदीची डबीही नाही. बॅटऱ्या घेऊन आम्ही सगळं रान पालथं घातलं. दोरा सापडला, तुटलेला, गवताची ओळ होती त्याच जागेवर. डबी नव्हती. म्हणजे ती गवताबरोबर कुठल्यातरी गाठीत गेली होती, आणि तोवर सगळ्या गाठी ट्रॉलीतून गोठ्यापुढं येऊन एकावर एक रचल्या गेल्या होत्या.

सकाळी पेडगावहून स्वामी आले. लिंग हरवलं तर गुरू दुसरं देऊ शकतात, मी आजच देतो, तुम्ही पाणी घ्या, असं त्यांनी परोपरीनं समजावलं. आत्याबाईंनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "हरवलं आसतं तर घेतलं आसतं, स्वामी. ते हरवलं न्हाई. तितं गाठीत हाय. घरचं माणूस खोलीत कोंडून पडलेलं आसताना त्याच्या जागी दुसरं आणतेत का?"

स्वामी हात जोडून परत निघाले. आत्याबाईंचं म्हणणं मला पटत होतं, म्हणून तर जास्त राग आला.

गाठ सोडणं तसं अवघड नव्हतं. माणसं मिळत नाहीत म्हणून गेल्या वर्षी मीच नवऱ्याच्या, मल्लेशच्या, मागं लागून ट्रॅक्टरच्या लोडरला गाठ उलगडायचं यंत्र बसवून घेतलं होतं. त्याचे दोन हात गाठीला दोन्ही बाजूंनी मधोमध धरतात, एका बाजूची चकती फिरते, आणि ट्रॅक्टर हळूहळू मागं घेतला की गवत सतरंजीसारखं जमिनीवर पसरत जातं. आत्याबाई त्याला मल्लेशचा रहाटपाळणा म्हणायच्या. हातानं टाकलेला चाराच जनावराच्या अंगी लागतो, हे त्यांचं ठाम मत.

अडचण दुसरीच होती. एकदा सोडलेली गाठ परत बांधता येत नाही. बेलर पहाटेच मानवतकडं निघून गेला होता. चारा ठेवायच्या शेडवर अजून पत्रे चढायचे होते. आणि आभाळ सकाळपासून भरून येत होतं. जाळीतली गाठ ताडपत्रीखाली पाऊस काढते, सुटं गवत एका सरीत कुजायला लागतं. त्या ढिगात आमच्या सगळ्या जनावरांचा उन्हाळ्यापर्यंतचा चारा होता.

मल्लेशनं हे सगळं वडिलांना सांगून पाहिलं. ईश्वरअप्पांनी ते ऐकून घेतलं, मग एवढंच म्हणाले, "उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू. हिचा आजचा दिस निघंना झालाय. सोड."

मल्लेशनं लोडर चालू केला.

पहिली गाठ उलगडली. मी आणि अप्पा गुडघ्यांवर बसून गवत तळहातांनी चाचपत गेलो. काही नाही. दुसरी, तिसरी. काही नाही. जनावरं आम्ही बांधूनच ठेवली होती, कारण एखाद्यानं डबी गिळली तर सगळंच संपलं. पण नव्या गवताचा वास त्यांच्यापासून थोडाच लपतो. दावणीला हिसके देत ती हंबरत होती. लालकंधारी गाय तर दावं तोडायच्या बेतात होती. माझ्या तळहातांना काड्या टोचून रक्त आलं होतं आणि मी मनातल्या मनात आत्याबाईंशी भांडत होते. तुमचा नेम तुम्हाला, मग शिक्षा सगळ्या गोठ्याला का?

त्या गोठ्याच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते. मध्ये उठून मी जवळ गेले तर हाताला कापरं भरलेलं. साखर कमी झाली होती हे सांगायला डॉक्टर नको होता. मी गुळाचा खडा ओठांशी नेला. त्यांनी मान फिरवली. रागानं नाही, लहान मूल औषधाला फिरवतं तशी. मला तिथंच रडू फुटलं असतं, पण वारा सुटला होता आणि पसरलेलं गवत कॅनॉलच्या दिशेनं उडायला लागलं होतं. मी परत धावले.

निम्म्या गाठी सुटल्या. गोठ्यापुढचं सगळं अंगण गवतानं भरून गेलं, पाय ठेवायला जागा राहिली नाही. लांबवर गडगडलं. मल्लेशनं नवीन गाठ उचलली आणि चकती जरा जोरातच फिरवली. त्याचाही धीर सुटत चालला होता. अप्पा गाठीच्या अगदी लगत चालत होते. मी त्यांना दोनदा मागं सरा म्हणून सांगितलं. ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

अचानक गाठीच्या कडेला काहीतरी चमकलं. अप्पांनी ते पाहिलं आणि फिरत्या गाठीत हात घातला. सदऱ्याची बाही चकतीत सापडली. मी किंचाळले. मल्लेशनं लिव्हर ओढलं तोवर बाही खांद्यापासून फाटून निघाली होती आणि अप्पा गवतावर आडवे पडले होते. दंड कोपरापर्यंत सोलला होता. आणखी क्षणभर उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते मी आजही मनात येऊ देत नाही.

त्यांच्या मुठीत गुटख्याची चकचकीत पुडी होती. बेलरवरच्या माणसानं टाकलेली असणार. अप्पांनी ती फेकून दिली, उठून उभे राहिले आणि म्हणाले, "चालू कर." मल्लेश हलेना. "चालू कर म्हणलं नं," अप्पा पुन्हा म्हणाले, आणि रक्ताळलेल्या हातानं गाठ धरायला पुढं झाले.

"अनू," ओट्यावरून आवाज आला. "पाणी आण."

मला आधी वाटलं, अप्पांची जखम धुवायला. मी तांब्या आणि फुलपात्र घेऊन धावले. आत्याबाईंनी फुलपात्र माझ्या हातून घेतलं आणि स्वतःच्या ओंजळीत धरलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. अप्पांच्याही आलं. ते गवत तुडवत ओट्यापाशी आले.

"काय करायलीस? आजून निम्म्या गाठी हायेत."

"म्हणूनच," आत्याबाई म्हणाल्या. आवाज अगदी खोल गेला होता. "मी तहानलेली हाय तवर तुमी थांबणार न्हाईत. सकाळधरून जनावरायच्या तोंडचा घास चाललाय. आता तुमचा हात चालला होता." मग त्या मल्लेशकडं बघून म्हणाल्या, "हाय त्या गाठी झाकून घे. रोज एकच सोडायची. आगुदर मी बघीन, मग जनावरं खातील. सापडंल तवा सापडंल."

सकाळपासून त्यांनी घोटभर पाणी प्यावं म्हणून माझा जीव तडफडत होता. आता ते फुलपात्र त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावं असं मला वाटलं. आयुष्यभर जपलेलं काहीतरी माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं आणि ते त्या आमच्यासाठी मोडत होत्या. मी "आत्याबाई" एवढंच म्हणू शकले. अप्पांनी तोंड फिरवलं.

आत्याबाईंनी डावा हात मोकळ्या गळ्यावर ठेवला, डोळे मिटले आणि फुलपात्र एका दमात रिकामं केलं. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं, त्यांनी पुसलंही नाही. डोळे न उघडताच फुलपात्र परत माझ्यापुढं धरलं.

"आजून दे," त्या म्हणाल्या.