लोण्यासारखा ब्रेक

"सोळा, सतरा, अठरा, एकोणीस... गेलात बाबा. बुडालात."

कॉम्प्युटरच्या पडद्यावर विमान जहाजाच्या डेकवर अगदी अलगद टेकलं, घरंगळत पुढे गेलं आणि टोकावरून समुद्रात पडलं. लेकीनं मोबाइलवरचं घड्याळ थांबवलं. वडिलांना ती रोज असे आकडे मोजून दाखवायची, म्हणून घरात तिचं नाव टिकटिक पडलं होतं.

"पण टेकलं किती छान, ते बघितलंस का?" बाबा म्हणाले.

"छान टेकून बुडालं की. मासे टाळ्या वाजवतायत."

आतल्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज थांबला. आईला काही बोलायचं असलं की आधी मशीन थांबायचं.

"जमिनीवरचं चालवायला देत नाहीत, म्हणून आता पाण्यावरचं बुडवताय होय?"

मशीन पुन्हा सुरू झालं.

लढाऊ विमानांचा हा खेळ मामाच्या जुन्या कॉम्प्युटरसोबत घरात आला होता. त्यात बॉम्ब होते, क्षेपणास्त्रं होती, पण बाबांनी आजवर एकही गोळी झाडली नव्हती. त्यांना फक्त उतरायचं होतं. जहाजाच्या डेकवर आडव्या तारा ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटीखालचा हुक त्यातल्या एका तारेत अडकला तर तुम्ही वाचलात. शेवटचं वळण संपून पंख सरळ झाले की चाकं टेकेपर्यंत पंधरा ते अठरा सेकंद लागायला हवेत. कमी लागले तर घाई केलीत, जास्त लागले तर रेंगाळलात. आणि गंमत पुढेच आहे. चाकं टेकल्याबरोबर इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा. हुक चुकलाच, तर परत उडता यायला हवं ना.

"थांबायचं असताना ॲक्सिलरेटर दाबायचा," बाबा मान हलवत म्हणायचे, "हे ज्यानं काढलं त्याच्या गाडीत मी बसणार नाही."

बाबा शहर बसचे ड्रायव्हर होते. डेपोत त्यांना लोणीकाका म्हणत, कारण त्यांचा ब्रेक लोण्यासारखा. गाडी कधी थांबली ते उभ्या माणसाला कळायचं नाही. प्रत्येक थांब्यावर गाडी थांबली की मान वळवून मागे एकदा बघायचं, सगळे उभे आहेत ना, आणि मगच दार उघडायचं. अशी वर्षानुवर्षं गेली. मग एका दुपारी डाव्या बाजूनं हातगाडी आडवी आली. बाबांना ती दिसलीच नाही, दिसली तेव्हा पाय पूर्ण दाबला गेला. हातगाडीवाला वाचला. बसमध्ये उभी असलेली एक म्हातारी पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. नंतरच्या तपासणीत कळलं, डावा डोळा कधीचाच गेलेला होता. बाबांना किल्ल्यांच्या खोलीत बसवलं. आता खुंटीवरची किल्ली काढून दुसऱ्यांच्या हातात द्यायची, एवढंच काम. नवे ड्रायव्हर टपलेले असायचेच.

"लोणीकाका, किल्ली जरा हळू द्या. पडेल बिचारी."

एका डोळ्यानं अंतर कळत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. टिकटिकला एकदा जेवताना एकदम सुचलं. "बाबा, पडद्याला खोली असतेच कुठे? तिथे सगळे एकडोळेच." त्या एका वाक्यावर बाबा कॉम्प्युटरसमोर बसले ते बसलेच.

इंटरनेटवर एक तुकडी होती. रोज संध्याकाळी एकत्र उडणारी, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं. तिच्या प्रमुखाला सगळे कप्तान म्हणत. आवाजावरून तो पोरगेलाच वाटायचा. त्यांचा नियम एकच, ज्याला उतरता येत नाही त्याला तुकडीत जागा नाही. परीक्षेला तीन संधी. बाबांच्या दोन समुद्रात गेल्या होत्या. तिसरी आज दुपारी होती. ही चुकली की मग कायम खुंटीवरच्या किल्ल्याच.

"हा शेवटचा सराव," टिकटिक म्हणाली. या वेळी तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही, बाबांकडे पाहिलं. अकरा, बारा म्हणता म्हणता तिला दिसलं. टेबलाखाली पेडल नव्हतं, तरी बाबांचा उजवा पाय फरशी हळूहळू दाबत होता. आणि हात विमानाचं नाक वर उचलत होता, अगदी केसाएवढं. म्हणून विमान तरंगत राहायचं, तारा खालून निघून जायच्या.

"बाबा, तुम्ही ब्रेक लावताय."

"छे."

"लावताय. उतरायचं नाहीये, आपटायचंय."

"आपटणं म्हणजे काय, ते तू मला नको सांगूस."

तिथे थांबायला हवं होतं. पण परीक्षा तोंडावर आली होती आणि तिला आपलं उत्तर बरोबर असल्याची खात्री होती, त्यामुळे थांबवेना.

"मागे कोणी नाहीये बाबा. अख्खं विमान रिकामं आहे. कोण पडणार आहे?"

बाबांनी उजवा पाय उचलला आणि खुर्चीच्या दांडीवर आवळून धरला.

स्पीकरमधून कप्तानचा आवाज आला. "काका, तयार? शेवटची संधी आहे."

"हो."

वळण संपलं. पंख सरळ झाले. टिकटिक मोजू लागली. आत मशीन थांबलं, पण आई काही बोलली नाही. उंची बरोबर आहे का ते दाखवणारा जहाजावरचा दिवा मधोमध होता. चौदा. पंधरा. बाबांचा पाय दांडीवरून फरशीकडे सरकू पाहत होता. सोळा. हात हलला नाही. सतराला विमान डेकवर असं आपटलं की स्पीकर खरखरला, आणि त्याच क्षणी बाबांनी इंजिनाचा दांडा पार पुढे ढकलला.

हुक अडकला.

"अरे वा," कप्तान म्हणाला. "तुकडीत स्वागत आहे काका. आता कसं पायलटसारखं वाटलं. इतके दिवस बस चालवल्यासारखं चालवत होतात."

स्पीकरमधले सगळे हसले. बाबाही हसले, हसायला हवं तेवढंच. टिकटिकनं टाळीसाठी पुढे केलेला हात तसाच राहिला.

कारण बाबा मागे वळले होते. डाव्या डोळ्यामुळे त्यांना आता अर्धं अंग वळवावं लागायचं. त्यांनी सावकाश खोलीभर नजर फिरवली, कॉटवर, घड्या घातलेल्या कपड्यांवर, दारापर्यंत. दारात आई उभी होती. तिनं एका हातानं चौकट घट्ट धरली होती.

"काका, उतरलात तुम्ही. इंजिनाचा जोर कमी करा आता," कप्तान म्हणाला.

बाबांचा हात दांड्यावर तसाच होता. पडद्यावर विमान पूर्ण जोरात गरजत होतं, आणि तारेनं धरलेलं, जागचं हलत नव्हतं.