मी गिळलेले मिस कॉल

मी जॅमर बोलतोय. होय, मोबाइलचं तोंड बंद करणारा तोच. माझ्यासारख्यानं बोलायला सुरुवात करावी याचं तुम्हाला हसू येईल, पण ऐका. मला काही माणसांचे आभार मानायचे आहेत, आणि ते माझ्याशिवाय कोण मानणार?

जन्म कुठे झाला ते आठवत नाही. आठवतं ते शहरातलं एक दुकान. दुकानदारानं मला गल्ल्याखालून काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि बिल न देताच युसूफ सरांच्या पिशवीत सरकवलं. माझ्यासारख्याला सामान्य माणसानं घरी ठेवायला कायद्यानं बंदी आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. सरांना थोडंफार माहीत असावं, कारण त्यांचं गाव जानेफळ येईपर्यंत त्यांनी एसटीत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

सर निवृत्त शिक्षक. घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी गावातल्या पोरापोरींसाठी अभ्यासिका काढली होती. खोली छान, पुस्तकं छान, पण दर दोन मिनिटांनी कुणाचा तरी फोन वाजायचा. सर आधी समजावून थकले, मग रागावून थकले. शेवटी त्यांनी मला पुस्तकांच्या कपाटामागे लपवलं, वायर जोडली आणि कुणाला, अगदी त्यांच्या बायकोला, अमीनाचाचीलासुद्धा, सांगितलं नाही.

पहिल्याच सकाळी खोलीत पानं उलटल्याचा आवाज ऐकू येऊ लागला. सर दारात उभे राहून हसले. माझी छाती फुगली. खोलीसकट सगळ्या गल्लीचे फोन मी मुके केले होते, आणि लोक बिचाऱ्या टॉवरला शिव्या देत होते. मला त्याची मोठी गंमत वाटायची.

त्या खोलीत रोज खिडकीजवळ प्रतीक्षा बसायची. तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. तिचे वडील रंगराव, गावाबाहेर त्यांची चार एकर कपाशी. बीटी बियाणं आलं तेव्हा म्हणे आता फवारणीची कटकटच संपणार होती. कुठली संपतेय! आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली आणि फवारण्या दुपटीनं वाढल्या. कपाशी डोक्याच्या वर गेलेली, त्यात औषधाचा फवारा परत तोंडावर येतो. त्या वर्षी फवारता फवारता माणसं दवाखान्यात पडली होती.

म्हणून बापलेकीनं एक रीत ठरवली होती. रंगराव फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांधावरच्या बोरीला टांगायचे. पाठीवरचा पंप पाचदा भरून फवारला, म्हणजे पाच पंप झाले, की हात धुऊन, फोन कानाला न लावताच प्रतीक्षाला एक मिस कॉल. त्याचा अर्थ, मी ठीक आहे. तासाभरात मिस कॉल आला नाही तर प्रतीक्षानं सायकल काढायची. सरांना या मिस कॉलचं काही ठाऊक नव्हतं आणि प्रतीक्षाला माझं.

मी आल्यावर पहिल्या फवारणीला मिस कॉल आला नाही. पोरगी धापा टाकत शेतात पोचली. रंगराव पंप भरत होते.

"काऊन आली वो? मी तं मिस कॉल देल्ला होता."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा रंगरावच रागावले, "टावरचं काही खरं नाही. मले काय धाड भरली? जाय, अभ्यास कर." घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी तिच्या फोनवर सगळ्या मिस कॉलचे निरोप एकदम येऊन पडायचे, त्यामुळे दोष टॉवरचाच, अशी तिचीही खात्री पटली. तिनं धावणं सोडलं. हे सगळं ती खोलीतल्या मुलींना सांगायची, ते मी कपाटामागून ऐकत होतो आणि तरी स्वतःवर खूश होतो. आज त्याची लाज वाटते.

मग भाद्रपदातला तो दिवस. ऊन रखरखीत, वारा पडलेला. अकरा चाळीसला गावची लाइट गेली आणि माझ्या अंगातला जीवच गेला. खोलीतले सगळे फोन एकदम थरथरले. प्रतीक्षानं आपला उचलला. सव्वानऊचा मिस कॉल, दहाचा मिस कॉल. आणि मग अकरा वीस, अकरा वीस, अकरा एकवीस, अकरा बावीस.

"चाची, बाबा एवढे फोन कधीच करत नाहीत," एवढंच ती म्हणाली आणि पळाली. सर मोटारसायकल घेऊन तिच्यामागे.

रंगराव बोरीखाली पडले होते. तोंडाला फेस, फोन हातात. दोघांनी त्यांच्या अंगावरचा सदरा काढला, अंग धुतलं आणि त्यांना मोटारसायकलवर मधे धरून मेहकरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं.

लाइट परत आली तेव्हा मी पुन्हा कामाला लागलो. त्या वेळी अमीनाचाची दवाखान्यात फोन लावत होती, तो मी मधेच तोडला. प्रतीक्षाकडून मिस कॉलची रीत ऐकून संध्याकाळी सर आले, कपाट सरकवलं आणि मला उपटून तिच्यासमोर ठेवलं. सगळं ऐकून चाचीनं मला एका बोटानं दूर सारलं.

"चूप राहाचं असन तं आपला फोन बंद करा ना. दुसऱ्याचा काऊन बंद करता? त्याले कोन बलावून राह्यलं, तुमाले काय मालूम?"

बारा दिवसांनी रंगराव बरे होऊन आले. सरांनी मला त्यांच्या पुढ्यात ठेवून सगळं कबूल केलं. प्रतीक्षाचा चेहरा उतरला. रंगरावांनी मला हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"एवढंसं हाय हे?" ते म्हणाले. "सर, तुमी पोराईसाठीच केलं, ते मले समजते. पन त्या दिवशी मी मिस कॉल नाही, खरा फोन लावत होतो. थे बाई म्हने, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. मले वाटलं, आता आपल्यामांगं कोनीच नाही."

सर रडले. रंगरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला दगडानं ठेचलं असतं तरी माझी तक्रार नव्हती, पण त्या भल्या माणसानं मला हळूच टेबलावर ठेवलं. त्या हातांचे आभार.

सरांनी माझ्या चारही अँटेना मोडल्या, पोटातलं यंत्र काढून फोडलं. रिकाम्या डबीत आता चाचीचे हुक आणि बटणं असतात. ओसरीवर चाची शिवणमशीन घेऊन बसते, तिच्याशेजारी परातीत सगळ्यांचे फोन. ज्याचा वाजेल त्याला ती हाक मारते. आत शांतता आहे, माझ्यावाचून. गेलेल्या लाइटचे, धावलेल्या पोरीचे, चाचीच्या बोलण्याचे मी आभार मानतो. तुमच्या घरी कुणी माझा भाऊबंद लपवला असेल, तर त्यालाही असंच बटणांच्या कामाला लावा.

आज शेतात फवारणी आहे. रंगरावांच्या तोंडाला आता मास्क असतो, हातात मोजे. इतके मिस कॉल गिळले, पण एकाचाही आवाज मी कधी ऐकला नव्हता. आता परातीतला फोन दोनदा वाजतो आणि थांबतो. चाची मशीन थांबवून आत हाक मारते,

"प्रतीक्षा! तुह्या बाबाचे पाच पंप झाले वो!"