सुजयच्या दुकानातलं विरजण

आठवड्यात फरझानाची सशाची चौदा पिल्लं मेली. पोट फुगायचं, हगवण लागायची, आणि सकाळी पिंजऱ्यात पिल्लू आडवं. उरली सहा. आणि गडब गावच्या नाक्यावर खाद्याचं दुकान मांडून बसलेला सुजय गिऱ्हाइकांना सांगत सुटला होता, "चाची पिंजरेच धूत नाय, तिथं माझी पावडर काय करील?"

हे ऐकून फरझानाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिंजरे धूत नाय? दिवसातून दोनदा धुऊन धुऊन तिच्या बोटांची सालं निघाली होती! आईचं दूध सुटल्या दिवसापासून ती पिल्लांच्या खाद्यात पावडर मोजून मिसळत होती. आतड्यात चांगले जंतू बसले की वाईटांना जागा उरत नाही, असं पेणचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले होते. आणि याच सुजयने पाकीट देताना शहाणपण शिकवलं होतं, "दह्याचं विरजणच समजा, चाची. जिवंत माल हाय."

विरजण ना? बरं. विरजणाची पारख आता या मेल्याकडून शिकायची होती काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दोन वाट्या, कोमट दूध आणि चमचाभर घरचं दही घेऊन दुकानात हजर. सोबत शेजारची हौसा. मिठागरावर उभा जन्म काढलेली ही बाई कुणाच्या बापाला भीत नसे.

"नवीन पाकीट काढ," फरझाना म्हणाली. "तुझ्याच हाताने फोड."

सुजयने हसत हसत पत्र्याखालच्या फळीवरून पाकीट काढलं. फरझानाने हातात घेतलं तर ते चांगलंच तापलेलं. वर ठळक लिहिलेलं, 'थंड जागी ठेवा.' तिने दोन्ही वाट्यांत दूध ओतलं. एका वाटीत तिने दही घातलं, दुसरीत पावडर. दोन्ही झाकून गल्ल्याशेजारी ठेवल्या आणि दोघी पायरीवर बसल्या.

"गो फरझाना, दिवसभर बसायचं?" हौसाने विचारलं.

"व्हय. दही लागेपर्यंत."

ऊन चढलं. पत्रा तडतडू लागला. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारायचं आणि हौसा चवीने सगळं सांगायची. चार वाजेपर्यंत दुकानापुढे घोळका जमला.

फरझानाने घरच्या दह्याची वाटी तिरकी केली. दही हललं नाही. दुसरी तिरकी केली, तर दूध ओघळून गल्ल्यावर पसरलं.

सुजयचं तोंड उतरलं. "चाची, कशाला तमाशा? बसा. काहीतरी थंड घ्या." त्याने घाईघाईने मागचा फ्रिज उघडला. आत कोल्ड्रिंकच्या बाटल्या खच्चून भरलेल्या.

फरझानाने बाटल्यांकडे बोट केलं.

"फ्रिज हाय तुझ्याकडे?" तिचा आवाज फाटला. "बाटली गरम निघाली तर गिऱ्हाईक तोंडावर फेकील, म्हणून ती गारव्यात! माझी पिल्लं बोलत नायत, म्हणून त्यांचा माल पत्र्याखाली? लाज नाय वाटत?"

"बदलून देतो ना, चाची..."

"तुझं नको मला. उरलेल्या सहांसाठी मी पेणहून बर्फात घालून आणीन. तू फक्त बोल, माझे पिंजरे साफ होते."

सुजय खाली बघून पुटपुटला.

"मोठ्याने," फरझाना म्हणाली. "माझी बदनामी केलीस तेवढ्याच मोठ्याने."